मावशीने कधी विडी ओढली नाही, तरी फुफ्फुसाचा कॅन्सर?

मावशी ५८ची, मिसरीसुद्धा लावली नाही कधी, तरी अ‍ॅडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला. डॉक्टर विचारतात पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या का. काय संबंध?

चहाबाज: आहे ना. फुफ्फुसाच्या गाठीतपण इस्ट्रोजेनचे रिसेप्टर सापडतात, हार्मोन चिकटलं की पेशीला वाढायचा इशारा. अमेरिकेत १६,६०८ बायकांच्या ट्रायलमध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या ७३ जणी ह्या कॅन्सरने गेल्या, डमी गोळीवाल्या ४०, आणि गंमत म्हणजे कॅन्सर होण्याचं प्रमाण फारसं वाढलं नव्हतं, मरण्याचं वाढलं.

सासुरवाशीण: सगळं हार्मोनवर ढकलू नका हां, चुलीचा धूर पण बघा. गाठीच्या ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल आहे का, ती टेस्ट केली का? सिगारेट न ओढणाऱ्या बायकांत तो बदल जास्त सापडतो, त्यावर गोळ्या आहेत.

चहाबाज: हो, ते आधी.

मी: चूल होती, वीस वर्षं. रिपोर्ट सोमवारी.