हनुवटीवरचे राठ केस आणि वॅक्सनंतरचा डाग : या व्यवसायातील जाणकारांचा सल्ला हवा आहे

अबोली :
नमस्कार. माझा वर्ण सावळा असून गेल्या काही वर्षांत हनुवटीखाली राठ केस येऊ लागले आहेत, आणि ओठांवरची व गालांवरची लवही दाट झाली आहे. पार्लरमध्ये कटोरी वॅक्स करून घेत असे. परंतु मागच्या वेळी ओठाच्या कोपऱ्याजवळची साल निघाली आणि तिथे तपकिरी डाग राहिला. बहिणीचे लग्न सहा आठवड्यांवर आले आहे. थ्रेडिंग करावे, चांगल्या प्रतीचे वॅक्स शोधावे की लेझरकडे वळावे, हे कृपया सांगावे.

चाफेकळी (पार्लरचालक) :
अबोलीताई, पद्धत ठरवण्याआधी एक सांगा : रात्री चेहऱ्याला काय लावता? साल निघण्याला वॅक्सचा चटका किंवा एकाच जागी दोनदा ओढणे हेही कारण असू शकते, म्हणून वॅक्स आधी मनगटावर लावून पाहणे आणि ओढताना दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरणे आम्ही कधी टाळत नाही. पण ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीन असलेल्या क्रीमने त्वचेचा वरचा थर नाजूक झालेला असला, तर कितीही महाग वॅक्स वापरले तरी केसांबरोबर सालही येते. अशी क्रीम वॅक्सच्या निदान आठवडाभर आधी थांबवावी लागतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या बंद झाल्यावरही सहा महिने वॅक्स करू नये. गिऱ्हाईक हे आपणहून सांगत नाही, आणि खरे तर विचारणे आमचेच काम आहे.

अबोली :
वांगासाठी मैत्रिणीने सुचवलेले क्रीम मेडिकलमधून आणून वर्षभर लावते आहे. ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी नावे आहेत. दोन दिवस लावले नाही तर चेहरा लाल होऊन चुरचुरतो, म्हणून बंद करण्याचे धाडस होत नाही.

निशिगंध (त्वचारोगतज्ज्ञ) :
साल का निघाली याचे उत्तर बहुधा त्या ट्यूबमध्येच आहे. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. हे मिश्रण थोड्या आठवड्यांसाठी, तेही देखरेखीखाली वापरायचे असते. महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि चेहऱ्यावरची लवही वाढते. म्हणजे वांग घालवण्यासाठी लावलेले क्रीमच तुम्हाला वारंवार पार्लरमध्ये पाठवत असण्याची शक्यता आहे. मात्र ते मनानेच एकदम सोडू नका, कारण लाली आणि जळजळ उसळून येते. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूबसह भेटा.

हनुवटीवरच्या राठ केसांचा विचार वेगळा करावा लागेल. पाळी अनियमित असेल किंवा वजन वाढले असेल, तर पीसीओएसच्या (संप्रेरकांचे संतुलन बिघडवणाऱ्या अंडाशयाच्या विकाराच्या) दृष्टीने संप्रेरकांची तपासणी करून घ्या, कारण मूळ कारण तसेच राहिले तर नवे केस येतच राहतात. लेझर लग्नाआधी नको. त्वचा शांत झाल्यावर ते करता येईल, आणि सावळ्या त्वचेला 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी-यॅग प्रकारचे लेझर तुलनेने सुरक्षित असते. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ किंवा त्याहून अधिक बैठका लागतात आणि केस कमी होतात. कायमचे एकही केस न उरण्याची हमी कोणी देत असेल तर तिथून उठून यावे. गालांवरच्या मऊ लवेवर लेझर मारून घेऊ नये, कारण काहींच्या बाबतीत ती उलट दाट होते.

अबोली :
मनापासून आभार. भेटीची वेळ घेतली आहे. पण लग्नात हनुवटी उघडी कशी ठेवू?

चाफेकळी :
तोवर वॅक्स आणि ब्लीच दोन्ही नकोत. थ्रेडिंगच्या दोऱ्यानेही पातळ त्वचा कापली जाते, त्यामुळे राठ केस लहान कात्रीने त्वचेलगत कापावेत. डॉक्टरांनी होकार दिल्यास चेहऱ्याचा रेझर केसांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. रेझरने केस जाड होतात हा समज खोटा आहे. टोक बोथट कापले गेल्यामुळे ते खरखरीत लागतात, इतकेच. पुढे लेझर ठरले तरी रेझर चालतो, मात्र आधीचे चार आठवडे वॅक्स, थ्रेडिंग आणि चिमटा बंद ठेवावा लागतो, कारण लेझरला केसाचे मूळ जागेवर हवे असते. डागावर लिंबू किंवा बेसन चोळू नका. सकाळी साधे मॉइश्चरायझर आणि त्यावर किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन पुरे. हळदीच्या दिवशी मात्र चेहऱ्यावर काहीही ओढू-कापू नका, जे करायचे ते दोन दिवस आधी उरकून घ्या, आणि नव्या पार्लरमध्ये मेकअपसाठी जाल तेव्हा त्या मुलीला ट्यूबचा फोटो आधी दाखवा.