मदत हवी आहे: रूबीची सूचना पिल्लाला कळतच नाही

नमस्कार मंडळी,

घरात दोन कुत्री आहेत आणि दोघांचं एकमेकांशी जमावं असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा. रूबी सात वर्षांची डॉबरमन, स्वभावाने शांत. आमच्याकडे आली तेव्हा ब्रीडरने तिचं शेपूट आधीच कापलेलं होतं. दुसरा गुंड्या, गावठी पिल्लू, आता चार महिन्यांचा. रिक्षा स्टँडजवळ एकटाच सापडला तेव्हा डॉक्टरांच्या अंदाजाने जेमतेम महिन्याचा होता.

रूबी हाड चघळत बसली की हा सरळ तिच्या तोंडापाशी जातो. ती आधी चघळायची थांबते. मान हाडावर झुकते, अंग ताठ होतं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो. मग ओठ वर जातो आणि खालच्या पट्टीतली गुरगुर सुरू होते. एवढं होऊनही गुंड्या पुढेच! शेवटी ती हवेत दात आपटते. त्याला दात लावत नाही, पण तो असा केकाटतो की शेजारचे दार उघडून बघतात.

सासूबाई म्हणतात, रूबी गुरगुरली की दम द्या, बांधून ठेवा. त्यांची काळजी समजते, घरात लहान मुलगा आहे. पण हा उपाय मला अजिबात पटत नाही. गुरगुरणं ही तिची सूचना आहे. तीच बंद पाडली तर उद्या ती न सांगता चावेल.

आणि ही सूचना कुत्र्यांना कळते. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये कुत्र्यांच्या गुरगुरण्याचे तीन प्रकार रेकॉर्ड केले: हाड राखतानाचं, अनोळखी माणूस अंगावर येतानाचं आणि खेळातलं. दुसरं कुत्रं हाडाजवळ आलं की लपवलेल्या स्पीकरवर त्यातलं एक वाजवायचं. हाड राखणारी गुरगुर ऐकली की कुत्री मागे सरत, बाकी दोन्हींना तेवढी जुमानत नसत. मग आमच्या गुंड्यालाच का कळू नये?

मला दोन शंका आहेत. पहिली, तो आईपासून फार लवकर तुटला. पिल्लं भावंडांशी मस्ती करताना, जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो, यातूनच मर्यादा शिकतात. म्हणून तर आठ आठवडे तरी पिल्लू आईजवळ असावं म्हणतात. याला ते मिळालंच नाही. रूबी तोंड फिरवते, नाक चाटते, जांभई देते. ‘आता पुरे’ हे ती तिच्या परीने सांगतेच, पण हा पुन्हा पुढचे कोपर जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून खेळायला बोलावतो.

दुसरी शंका शेपटीची. कॅनडात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रिमोटवर शेपूट हलवणारं खोटं कुत्रं ठेवलं होतं. लांब शेपूट हलत असलं तर मोठी कुत्री जास्त मोकळेपणाने जवळ जात, ताठ असलं तर बिचकत. शेपूट आखूड असलं तर हलतंय की स्थिर आहे, याने फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे रूबीच्या बोलण्यातला एक मोठा भाग माणसाने हौसेखातर कापून टाकला आहे. याचा मला फार राग येतो.

एका ट्रेनरने सांगितलं, रूबीला उताणी पाडून दाबून धरा, ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, कोण ते कळू द्या. मी नाही म्हटलं. ही कल्पना १९४७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या अभ्यासातून आली. ती लोकांपर्यंत नेणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच पुढे सांगितलं की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे कोणी कोणाला उताणं पाडून राज्य करत नाही.

रूबीचे दात, सांधे तपासून घेतले, दुखणं काही नाही. गुंड्याच्या लसी झाल्या आहेत. सध्या जेवण आणि हाड वेगळ्या खोल्यांत, दार लावून देते.

आता विचारायचं ते हे. लवकर तुटलेलं पिल्लू या वयात दुसऱ्या समंजस कुत्र्यांच्या संगतीत राहून हे शिकू शकतं का? कोणाचा अनुभव असेल तर किती मोठी कुत्री निवडली, पहिली भेट कुठे घडवली, तेही सांगा. शेपूट कापलेलं कुत्रं आणि पिल्लू एकत्र वाढवलेलं कोणी आहे का? आणि रूबी ताठ झाली की मी तेव्हाच गुंड्याला हाक मारून बाजूला घ्यावं, की गुरगुरेपर्यंत थांबून तिला तिचं म्हणणं पूर्ण करू द्यावं? या शेवटच्या प्रश्नावर घरात रोज वाद होतो, त्यामुळे त्याचं उत्तर आधी दिलंत तर बरं होईल.

नाशिकमध्ये न मारता शिकवणारं कोणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.