रॅम बोर्डालाच चिकटलेला लॅपटॉप गाणी करणाऱ्यानं घ्यावा का?

संबळ_धाराशिव

माझं मत आधी मांडतो, मग तुम्ही खुशाल खोडा. ज्या लॅपटॉपची रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी) मदरबोर्डावर सोल्डर केलेली आहे, म्हणजे नंतर वाढवता येत नाही, तो आपल्या भागातल्या गाणी करणाऱ्या पोरानं घेऊ नये. मग तो कितीही वेगवान असो.

आपल्याकडचे स्टुडिओ कसे उभे राहिले ते आठवा. लातूर असो, नांदेड असो की बीड, कुणीही पहिल्या दिवशी पूर्ण सेटअप घेतलेला नाही. आधी कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप, त्यात चार जीबी रॅम. १४ एप्रिलच्या आधी भीमगीतांच्या ऑर्डरी आल्या, हातात पैसे आले की रॅमची आणखी एक पट्टी. नवरात्रात देवीची गाणी झाली की हार्ड डिस्क काढून एसएसडी. लग्नसराई संपली की साउंडकार्ड. सीझनच्या कमाईवर मशीन वाढत गेलं.

ही वाट कंपन्यांनी बंद करत आणली आहे. अ‍ॅपलनं आधी मॅकबुक एअरमध्ये आणि २०१२ पासून रेटिना मॅकबुक प्रोमध्येही रॅम बोर्डावर सोल्डर केली. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांचा स्वतःचा एम१ प्रोसेसर आला आणि रॅम थेट प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच जाऊन बसली. २०२४ मध्ये इंटेलनंही कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तेच केलं: १६ किंवा ३२ जीबी, घेताना घ्याल तेवढीच. म्हणजे पुढच्या पाच वर्षांची गरज पहिल्याच दिवशी ओळखायची आणि तिचे पैसेही पहिल्याच दिवशी मोजायचे. नेमके त्याच दिवशी आपल्या पोरांकडे पैसे नसतात.

दुसरी गोष्ट एसएसडीची. एम मालिकेच्या मॅकमध्ये आतली एसएसडी मेली, तर ते मशीन बाहेरच्या डिस्कवरूनही सुरू होत नाही. आमच्याकडे व्होल्टेज कसं नाचतं ते सगळ्यांना माहीत आहे. बोर्ड गेला की गाणं, सेशन, गायकाचे टेक सगळं त्याच्याबरोबर जातं, आणि दुरुस्तीसाठी पुणे गाठावं लागतं.

माझी शिफारस: थिंकपॅड टी४८०. आठव्या पिढीचा इंटेल असलेला घेतला की विंडोज ११ चालतं, रॅमचे दोन स्लॉट आहेत, आणि कुठलाही जाणता मेकॅनिक स्क्रू काढून तो उघडू शकतो. पुढच्याच टी४९० मध्ये एक रॅम सोल्डर केलेली आणि स्लॉट एकच, हे घेताना बघा.

मिक्सिंगवाला_लातूर

दादा, तुमच्या शब्दाला मान आहे, पण ही शिफारस मला अजिबात पटत नाही.

मे महिन्यात लातुरात दुपारी पारा ४० च्या वर असतो. टेक घेताना आवाज नको म्हणून कूलर, पंखा, एसी सगळं बंद करायचं. खोली बंद. गोंधळी समोर बसलेत. संबळ जोरात वाजतोय तोवर काही कळत नाही. संबळ थांबतो, नुसतं तुणतुणं आणि आवाज उरतो, आणि त्या जागेत माइकमध्ये लॅपटॉपचा फॅन घोंगावत असतो. नॉइज काढायचं प्लगिन (जोड-प्रोग्रॅम) लावलं की तुणतुण्याच्या तारेचा झणकार त्याच्याबरोबर निघून जातो. मी वर्षानुवर्षं हे केलंय. माझ्या एम१ मॅकबुक एअरमध्ये फॅनच नाही. पहिल्यांदा तो टेक ऐकला तेव्हा मला माझीच खोली ओळखू आली नाही.

आता अर्थिंग. तालुक्याच्या गावी, मंदिरात, वाड्यात रेकॉर्डिंगला गेलात की तिथं अर्थिंग कुठं असतं? चार्जर लावला की साउंडकार्डातून हमिंग सुरू, काढला की बंद. जुन्या लॅपटॉपची बॅटरी सेशनभर टिकत नाही, म्हणून चार्जर लावावाच लागतो. एम१ एअरवर १८ तास व्हिडिओ चालतो असा अ‍ॅपलचा दावा आहे. स्टुडिओच्या कामात तेवढे मिळत नाहीत हे मान्य, पण सकाळी चार्जर काढून बसलं तर दुपारच्या जेवणापर्यंत त्याची आठवण येत नाही. लाईट गेली तरी टेक थांबत नाही.

रॅमच्या पट्टीनं यातलं काय मिळतं सांगा.

संबळ_धाराशिव

फॅनचं म्हणाल तर यूएसबी २ ची केबल पाच मीटरपर्यंत चालते. भिंतीला भोक पाडा, लॅपटॉप बाहेरच्या खोलीत ठेवा, माइकजवळ फक्त साउंडकार्ड. स्टुडिओत आम्ही तसंच करतो.

आणि उन्हाचं तुम्हीच काढलंत म्हणून विचारतो. मॅकबुकसाठी अ‍ॅपलनं दिलेली वापराची तापमान मर्यादा १० ते ३५ अंश आहे. लातुरात मे महिन्यात बंद खोलीत ३५ कधी असतं? फॅन नसलेलं मशीन तापलं की स्वतःचा वेग कमी करतं. एक टेक घेताना ते जाणवणार नाही. चाळीस ट्रॅकचं मिक्सिंग दुपारी दोनला करून बघा.

डीजे_वरात_परभणी

लै दिवसांनी कामाचा विषय निघाला. पण रॅम, फॅन यावर कामून अडकलात? आमचं काम वरातीचं आणि जयंतीचं, सगळं एफएल स्टुडिओ या संगीताच्या प्रोग्रॅमवर. रॅम आठ जीबी, ती कधी पूर्ण भरत नाही. अडतंय ते प्रोसेसरवर.

नव्या पोरांसाठी सांगतो. बफर (एका वेळी मोजायचा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलचा ठेवला की ४४.१ किलोहर्ट्झला कॉम्प्युटरकडं दर वेळी फक्त २.९ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात सगळ्या ट्रॅकचे सगळे प्लगिन मोजून झाले पाहिजेत. एकदा जरी उशीर झाला की तडतड ऐकू येते. मीटर ५० टक्के दाखवत असला तरी तडतड येते, कारण एका ट्रॅकवर ओळीनं लावलेले प्लगिन सहसा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे एकाच हिश्श्यावर, चालतात. मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथं) सहा प्लगिन चढवले की तो एक कोअर दमतो, बाकीचे नुसते बसून. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर आले. आवाजाचं काम चुकून छोट्या कोअरवर गेलं की नव्याकोऱ्या लॅपटॉपवरही तडतड.

म्हणून टी४८० मला नको. त्यात रॅम ३२ जीबी टाकली तरी कोअर २०१८ चाच राहणार. दादा, रॅम बदलता येते, प्रोसेसर बदलता येत नाही. तो तर त्याच्यातही सोल्डरच केलेला आहे.

पेटी_ते_कीबोर्ड_नांदेड

परभणीकरांचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. पण माझा अनुभव तिसरीकडेच बोट दाखवतो. लॅपटॉप बिघडतो त्याच्या कितीतरी आधी त्याचा आधार काढून घेतला जातो.

माझ्याकडं फायरवायर या जुन्या जोडणीचं आठ चॅनलचं साउंडकार्ड आहे. आजही उत्तम वाजतं, प्रीअ‍ॅम्प असे की भजनी मंडळाचे टाळ कानाला बोचत नाहीत. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमधून फायरवायरचं पोर्ट गेलं. अ‍ॅडॉप्टर घेतला. २०१६ ला यूएसबीचं जुनं पोर्ट गेलं, सगळं टाइप-सी झालं. अ‍ॅडॉप्टरला अ‍ॅडॉप्टर जोडला. २०२१ ला एचडीएमआय आणि कार्डचा स्लॉट परत आला, यूएसबीचं जुनं पोर्ट काही आलं नाही. आणि २०२५ च्या मॅकओएस टाहोनं फायरवायरचा आधारच काढून टाकला. कार्ड धडधाकट आहे, केबल धडधाकट आहे, आणि दोघांमध्ये बोलणं नाही.

सॉफ्टवेअरचंही तसंच. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनानं ३२ बिटचे प्लगिन एका अपडेटमध्ये संपवले. टाहो ही इंटेल मॅकवरची शेवटची आवृत्ती. जे जुने प्लगिन एम मालिकेवर रोझेटाच्या (इंटेलसाठीचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीच्या) आधारानं चालतात, त्यांच्यासाठी तो आधार मॅकओएस २७ पर्यंतच, असं अ‍ॅपलनं सांगितलंय. विंडोजवाले सुटले असं समजू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि सातव्या पिढीपर्यंतचे जवळपास सगळे इंटेल लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीबाहेर राहिले. आपल्याकडच्या किती स्टुडिओंत टी४५० आणि टी४७० आहेत ते तुम्हीच मोजा.

२०२४ च्या जूनपासून स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम जातीच्या प्रोसेसरचे लॅपटॉप आले. दुकानदार बॅटरी दाखवून विकतो. त्यावर इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालून जातात, पण साउंडकार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) तसा चालत नाही, तो एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका पोरानं सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरातून तसला लॅपटॉप आणला, घरी येऊन साउंडकार्ड जोडलं, आणि काहीच नाही. देवगिरीनं परत जाऊन बदलून आणला.

माझं म्हणणं एवढंच: आधी साउंडकार्ड कोणतं आहे ते बघा, त्याचा ड्रायव्हर कोणत्या सिस्टीमवर अजून निघतोय ते बघा, मग लॅपटॉप ठरवा.

गायिका_जालना

माइकच्या पलीकडून कुणीच बोलत नाही, म्हणून मी लिहिते.

मला तुमच्या रॅमशी देणंघेणं नाही. हेडफोनमध्ये माझा आवाज मला उशिरा येतो, त्याच्याशी आहे. बफर २५६ असेल तर आवाज आत जाताना ५.८ आणि बाहेर येताना ५.८ मिलिसेकंद, वर ड्रायव्हरचा वेळ वेगळा. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे मीच माझ्यापासून चार मीटर लांब उभी राहून गातेय असं कानाला वाटतं. अभंगात ते खपून जातं. पण जलद लयीत तान घेतली की मी त्या उशिरा आलेल्या आवाजाची वाट बघू लागते आणि लय मागे ओढली जाते. मग स्टुडिओवाले म्हणतात, "ताई, तुम्ही ठेका सोडताय." ५१२ वर रेकॉर्डिंग लावलेल्या खोलीत मी गायले आहे, तिथं टाळी देणंसुद्धा अवघड होतं.

नव्या मशीनवर रिव्हर्ब लावूनही बफर ६४ वर ठेवता येतो, हे मी लातुरात प्रत्यक्ष गाऊन बघितलंय. तेवढ्यापुरती मी लातूरकरांच्या बाजूची. पण लातूरकर, तुमच्यासारखं मशीन हप्त्यावर घेतलेल्या एका स्टुडिओनं गाण्याचा दर लगेच वाढवला, हेही लिहा. तो हप्ता भजन म्हणणाऱ्या बायकांच्या बचत गटानं का भरायचा? ज्या साउंडकार्डावर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण आहे, तिथं माझा आवाज लॅपटॉपमध्ये न जाताच हेडफोनमध्ये येतो. बहुतेकांकडं ते बटण आहे, आणि दाबायचं कुणालाच सुचत नाही.

मिक्सिंगवाला_लातूर

ताई, दराचं म्हणणं रास्त आहे. मी दर वाढवलेला नाही, एवढंच सांगतो.

धाराशिवच्या दादांना रॅमबद्दल उत्तर द्यायचं राहिलं. रॅम प्रोसेसरजवळ नेण्यात कंपनीचा फायदा आहे, पण कामाचाही आहे. एम१ मध्ये रॅमचा वेग सेकंदाला सुमारे ६८ जीबी. टी४८० मध्ये दोन्ही स्लॉट भरले तरी ३८ च्या आसपास. शिवाय कॉन्टॅक्टसारखा सॅम्पलर (वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर वाजवणारा प्रोग्रॅम) प्रत्येक सुराची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवतो, बाकीचं डिस्कवरून ओढतो. जुन्या हार्ड डिस्कवर त्या सुरुवातीचा तुकडा मोठा ठेवावा लागायचा म्हणून रॅम खायची. वेगवान एसएसडीवर तोच तुकडा लहान करता येतो. ३२ जीबीची जी गरज आपण मनात धरून बसलोय, ती बरीचशी हार्ड डिस्कच्या काळातली आहे.

संबळ_धाराशिव

सॅम्पलरचा मुद्दा बरोबर आहे. पण रॅम काढता-घालता आली तर वेग मिळत नाही, हे मला मान्य नाही. २०२४ च्या थिंकपॅड पी१ जेन ७ मध्ये एलपीकॅम२ नावाची पट्टी आहे: तीच कमी विजेची, वेगवान रॅम, आणि स्क्रूनं काढता येणारी. म्हणजे तंत्र आहे. ते फक्त महागड्या मशीनपुरतं ठेवलंय, स्वस्त लॅपटॉपवाल्यापर्यंत येऊ दिलेलं नाही. राग आहे तो याचा.

त्यात आता रॅमच महाग झाली. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवायची म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं क्रुशिअल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आम्ही वर्षानुवर्षं ज्या पट्ट्या टाकल्या त्या याच. रॅम महाग असताना सोल्डर केलेलं मशीन घेणारा माणूस आठ जीबीवर भागवणार, आणि त्या आठवरच अडकून पडणार. टी४८० वाला निदान भाव उतरायची वाट बघू शकतो. त्याची रॅम डीडीआर४ या जुन्या प्रकारची आहे, जुन्या बंद लॅपटॉपमधून काढलेलीही चालते.

परभणीकर, प्रोसेसर बदलता येत नाही हे खरं. पण जड ट्रॅक फ्रीझ करता येतो, म्हणजे प्लगिनसकट तयार आवाज करून ठेवता येतो. साधनं कमी होती तेव्हा आपण सगळे तेच करत होतो, आणि त्यातूनच गाणी बाहेर पडली.

डीजे_वरात_परभणी

फ्रीझ करतोच की. पण गिऱ्हाईक मागं उभा राहून "हलगी थोडी वर घ्या, थोडी खाली घ्या" म्हणतंय तेव्हा दर वेळी ट्रॅक उघडायचा, बदलायचा, पुन्हा फ्रीझ करायचा. १३ एप्रिलच्या रात्री ते परवडत नाही.

पेटी_ते_कीबोर्ड_नांदेड

असंच बोलत राहिलो तर ठरणार नाही. एप्रिलमध्ये एकाच सेशनवर तपासू. मी भजनाचं एक सेशन तयार करतो: २४ ट्रॅक, त्यात टाळ, मृदंग, पेटी आणि कोरस, सोबत दोन्ही सिस्टीमवर चालणारे फुकटचे प्लगिन, म्हणजे कुणाला काही विकत घ्यायला नको. धाराशिवच्या दादांनी टी४८० वर, लातूरकरांनी एम१ वर ते रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये उघडायचं. दुपारी दोनची वेळ, एसी-कूलर बंद, बफर १२८, अर्धा तास सलग वाजवायचं. एकदा चार्जर लावून, एकदा काढून. खोलीचं तापमान आणि पहिली तडतड कितव्या मिनिटाला आली ते लिहायचं. जालन्याच्या ताईंना जमत असेल तर दोन्हीकडं एक-एक जलद तान गाऊन बघावी, डायरेक्ट मॉनिटरिंग बंद ठेवून. परभणीकरांनी मास्टरवर त्यांचे सहा प्लगिन कोणते ते पाठवावेत, तेही त्यात घालतो.