टाकीवरची पांढुरकी झाक रंगाची नव्हे, दमट हवेची
मोटारसायकलच्या छोट्या मॉडेलची पेट्रोल टाकी रंगवताना तिच्यावर पांढुरकी झाक आली म्हणजे रंगच हलक्या प्रतीचा होता, असे मत काही जण मांडतात; ते मला पटत नाही. दमट हवेत घाई नडते, हे मात्र खरे. लॅकर (झटपट सुकणारा रंग) फवारल्यावर त्यातला थिनर, म्हणजे रंग पातळ करणारा द्रव, झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतील बाष्प त्या ओल्या थरावर धरते. कोल्हापुरात जुलैची झड लागलेली असताना मी १/१२ प्रमाणातील, म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढ्या, मॉडेल मोटारसायकलची टाकी तांबडी रंगवली, तेव्हा काही मिनिटांतच तिच्यावर दुधाच्या सायीसारखा पापुद्रा दिसू लागला. तो पापुद्रा घासून न काढता मी उघडीप मिळेपर्यंत थांबलो आणि सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी पातळ फवारा दिला, तेव्हा तोच तांबडा रंग पुन्हा स्वच्छ उजळला.