रेषा फिसकटते ती फक्त कागदामुळे नाही

स्टॉलवर गिऱ्हाइकाचं शाईने काढलेलं स्केच रंगवताना रेषा फिसकटते, म्हणून जाड कागद घ्या असं सुचवलं जातं. २०० जीएसएम (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा कागद) ठीकच. पण खरं कारण बहुतेकदा घाई असते. वॉटरप्रूफ शाईलाही पाचेक मिनिटं द्या, तोवर पुढच्या गिऱ्हाइकाचं पेन्सिलकाम उरका. मे महिन्यात लातूर-परभणीकडे उलटंच: शाई टाकाच्या निबवरच वाळते, सारखी ओल्या फडक्याने पुसावी लागते. लाखेची इंडियन इंक (काजळीची काळी शाई) फाउंटन पेनात भरूच नका, पेन तुंबून बसतो.

रोजच्या सरावाला आठवडी बाजारासारखी जागा नाही. ३० सेकंदांत एक माणूस: आधी कणा, मग खांदे, चेहरा शेवटी. गोणी उचलणाऱ्या हमालाचा भार कुठल्या पायावर आहे एवढं सापडलं तरी पुष्कळ. स्टॉलवर ऑर्डर मात्र कंबरेपर्यंतच्या चित्राचीच, ए५ कागदावर, पैसे आधी.