अनुभव धागा : स्टीव्ह हॅरिस यांचा बेस तुम्हाला कुठे भेटला?

रॉक संगीत ऐकणाऱ्यांचे लक्ष बेस गिटारकडे, म्हणजे खालचे खर्जातले स्वर देणाऱ्या गिटारकडे, सहसा सर्वांत शेवटी जाते. गायकाचा चेहरा पाठ असतो, लीड गिटारची नक्कल आरशासमोर करून झालेली असते, ड्रम वाजवणारा निदान घाम गाळताना तरी दिसतो. बेसवाला मात्र मागे कुठेतरी उभा असायचा, अशीच समजूत असते. 'आयर्न मेडन'च्या स्टीव्ह हॅरिस यांनी ही समजूत गेली पन्नास वर्षे मोडीत काढली आहे. १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये त्यांनी हा बँड काढला. गायक बदलले, ड्रमर बदलले, गिटारवादक गेले आणि परत आले. पहिल्यापासून २०२१ च्या 'सेंजुत्सू'पर्यंत प्रत्येक अल्बमवर असलेले वादक दोनच, एक स्वतः हॅरिस आणि दुसरे गिटारवादक डेव्ह मरे. मॉनिटरवर (मंचावरच्या, वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरवर) एक पाय ठेवून, बेसचा दांडा बंदुकीसारखा प्रेक्षकांवर रोखून, गाण्याचा शब्द न् शब्द ओठांनी म्हणत हा माणूस मंचाच्या अगदी पुढच्या कडेला उभा असतो.

बँडच्या पन्नाशीचा दौरा मे २०२५ मध्ये बुडापेस्टहून सुरू झाला, तेव्हापासून हा धागा काढावा असे मनात होते. एकच विनंती आहे. 'महान', 'अद्वितीय' ही विशेषणे आपल्या सर्वांना मान्य आहेत असे गृहीत धरावे, आणि हॅरिस यांचा बेस आपल्याला नेमका कोणत्या गाण्यात, कोणत्या जागी ऐकू आला आणि त्याने आपले काय केले, तेवढेच सविस्तर लिहावे.

प्रतिसाद, सातारा

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे या धाग्यावर माझे काय काम, असे काहींना वाटेल. धाकट्या भावाच्या खोलीतून 'द ट्रूपर' हे १९८३ चे गाणे वर्षानुवर्षे माझ्या कानांवर पडत होते आणि मी त्याला गोंगाट या सदरात टाकले होते. हे गाणे १८५४ च्या बालाक्लावाच्या लढाईतील इंग्रज घोडदळाच्या हल्ल्यावर आहे, हे भावाने सांगितले तेव्हा मी प्रथम ते नीट ऐकले. त्यातली घोड्यांची दौड शब्दांपेक्षा बेसमध्ये आहे, हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही: एक लांब आघात आणि त्याला चिकटून दोन आखूड, पुन्हा एक लांब, दोन आखूड, असे गाणेभर. वृत्ते शिकवणाऱ्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो. गुरू, लघू, लघू, म्हणजे आपला भ गण. दोन, एक आणि एक अशा चार मात्रा, तंतोतंत. गण लक्षात ठेवण्यासाठी आपण 'भ भास्कर' असे शिकतो ना, तो 'भास्कर, भास्कर, भास्कर' न थांबता, मिनिटाला दीडशेहून अधिक वेळा म्हणून पाहावा. माझी जीभ पहिल्या कडव्यातच अडखळते, आणि हॅरिस हे उजव्या हाताच्या दोन बोटांनी, प्लेक्ट्रमला (तारा छेडायच्या चकतीला) हात न लावता, मंचावर धावत वाजवतात. वर्गात भ गण आला की मी आता बाकावर बोटांनी ही चाल वाजवून दाखवते. मागच्या बाकावरची दोन-चार मुले माना वर करतात, त्यांनी गाणे ओळखलेले असते.

प्रतिसाद, मुलुंड

१ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीएचे मैदान. मेडन मार्च २००७ मध्ये बंगळूरला येऊन गेले होते, पण मला तेव्हा रजा मिळाली नव्हती, त्यामुळे मुंबईची घोषणा झाली तेव्हा मी तिकीट आधी काढले आणि रजेचा अर्ज नंतर दिला. त्या संपूर्ण जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून होती, आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिकाच्या जागी बसून बोइंग ७५७ मधून बँड, माणसे आणि सामान घेऊन आले होते.

आमच्या पिढीने ही गाणी प्रथम धोबीतलावच्या रंगभवनात, 'इंडिपेंडन्स रॉक' या रॉक महोत्सवात, आपल्याच मुलांच्या बँडकडून ऐकली. ती मुले जीव तोडून वाजवत, पण तिथल्या ध्वनियंत्रणेतून बेस म्हणजे नुसती घरघर ऐकू येई. म्हणून घरी भरून घेतलेल्या कॅसेटवर जे ऐकले होते ते खरोखरच चार तारांतून निघते की स्टुडिओतली करामत आहे, अशी शंका मला बरीच वर्षे होती. त्या रात्री 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' सुरू झाले. कोलरिजच्या कवितेवरचे हे तेरा मिनिटांहून मोठे गाणे हॅरिस यांनी एकट्याने लिहिलेले आहे. त्याच्या मधल्या भागात सगळे थांबते. जहाज वाऱ्यावाचून अडकलेले असते, लाकूड करकरते, आणि त्या शांततेत बेसचे एकेक सुटे स्वर येत राहतात. हजारोंच्या गर्दीत माझ्या शेजारचा अनोळखी मुलगा डोळे मिटून डाव्या हाताची बोटे हवेत त्या त्या पट्टीवर ठेवत होता आणि त्याची एकही जागा चुकत नव्हती. पुढे गिटार पुन्हा उसळून येतात तेव्हा सगळे मैदान उड्या मारते, ते कुणीही सांगेल. मला विचाराल तर तिकिटाचे पैसे त्याआधीच्या त्या दोन-तीन मिनिटांत वसूल झाले होते. (परतताना कुर्ला स्थानकापर्यंत रिक्षा मिळाली नाही, हे ओघाने आलेच.)

प्रतिसाद, डोंबिवली

हौशी बेसवादक म्हणून थोडे तांत्रिक लिहितो, कंटाळा आल्यास पुढे जावे. हॅरिस यांचे वाद्य फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आहे. बेसमध्ये याहून साधे वाद्य क्वचितच असेल. खरी गंमत तारांत आहे. ते फ्लॅटवाउंड तारा लावतात, म्हणजे ज्यांच्यावरचे वेटोळे गोल नसून चपट्या पट्टीचे असते आणि बोट फिरवले तर पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. अशा तारा सहसा जॅझ किंवा जुन्या सोल संगीतातले लोक वापरतात, कारण त्यांचा आवाज मऊ, गोलसर आणि लवकर विरणारा असतो. मग मेडनच्या रेकॉर्डवर ऐकू येणारा तो खणखणीत, धातूचा टणत्कार येतो कुठून, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता.

त्यांच्या नावाने रोटोसाउंड कंपनी विकते तो जाड तारांचा संच एकदा परदेशातून येणाऱ्या मित्राकडून मागवला आणि उत्तर हाताला लागले. तार जाड असते, ताण जबर असतो, आणि तिला बोटाने इतक्या जोरात मारावे लागते की ती खालच्या पडद्यांवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आदळते. टणत्कार त्या आदळण्याचा आहे आणि त्यामागचा गोल स्वर तारेचा. दोन्ही एकदम ऐकू येतात, म्हणून तीन गिटार एकाच वेळी वाजत असतानाही बेस त्यांच्यातून वर येतो. दिसायला ही युक्ती सोपी आहे, पण माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दोन गाण्यांत भरून येतो. 'द क्लेअरव्हॉयंट'ची सुरुवात मला आता बऱ्यापैकी जमते. 'फँटम ऑफ द ऑपेरा' मात्र अजून अर्ध्या वेगातच चालू आहे. त्या गाण्यात बेस गिटारच्या बरोबरीने तेच सूर घेत पळतो, आणि १९८० मध्ये चोवीस वर्षांच्या माणसाने पहिल्याच अल्बमवर हे लिहावे याचा मला राग आणि आनंद दोन्ही येतो.

प्रतिसाद, लंडन

नोकरीनिमित्त मी येथे आल्यावर पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्डजवळचा 'कार्ट अँड हॉर्सेस' हा पब पाहून आलो, जिथे मेडनने अगदी सुरुवातीच्या काळात कार्यक्रम केले आणि जो आज आपली ओळख बँडचे जन्मस्थान म्हणूनच सांगतो. तिथे गेल्यावर हॅरिस यांच्या फुटबॉलवेडाचा उलगडा झाला, कारण वेस्ट हॅम क्लबचे सध्याचे मैदानही त्याच भागात आहे. किशोरवयात ते या क्लबच्या प्रशिक्षणात होते. नंतर फुटबॉल सुटला, पण क्लबचे मानचिन्ह त्यांच्या बेसवर आले ते आजतागायत आहे.

मला अधिक सांगायचे आहे ते त्यांच्या 'ब्रिटिश लायन' या दुसऱ्या बँडविषयी. मेडनसोबत मोठमोठी स्टेडियमे भरवणारा हा माणूस या बँडसोबत काहीशे माणसे मावतील अशा क्लबांत वाजवतो. मी अशा एका कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत उभा होतो. तिथे पडद्यावरचे दृश्य पाहण्याची गरजच नसते, हात समोर असतो. मनगट जवळजवळ स्थिर असते, तर्जनी आणि मध्यमा तेवढ्या आलटून पालटून चालतात, आणि तो घोडदौडीचा ठेका सुरू झाला की त्या इतक्या कमी हलतात की आवाज आणि हालचाल यांचा मेळ बसत नाही. स्टेडियममध्ये जसा पाय मॉनिटरवर असतो तसाच तो इथेही होता. समोरच्या गर्दीचा आकार पाहून त्यांच्या आवेशात यत्किंचितही फरक पडलेला मला दिसला नाही.

प्रतिसाद, पुणे

धाग्यात सगळेच आरती करत आहेत, म्हणून ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रातल्या माणसाचे थोडे वेगळे मत नोंदवतो. नव्वदच्या दशकात मेडनचे अल्बम हॅरिस यांच्या एसेक्समधील घराच्या आवारातल्या स्टुडिओत मुद्रित होऊ लागले, आणि त्यांचा आवाज मला कोरडा, हवा काढून घेतल्यासारखा वाटतो. सगळी सूत्रे एकाच्या हाती गेली की 'हे जरा कापूया' असे म्हणणारे कुणी उरत नाही. १९९८ च्या 'व्हर्चुअल इलेव्हन'वरचे 'द एंजल अँड द गॅम्बलर' जवळजवळ दहा मिनिटे चालते आणि त्यात एकच ओळ इतक्यांदा येते की भजनी मंडळही थांबले असते. बेसचे संथ सुटे स्वर, मग गिटार, मग धाव, ही त्यांची मांडणीही पुढे फार ठरावीक झाली.

इतके लिहूनही मी हा अल्बम विकला नाही, त्याचे कारण त्यावरचेच 'द क्लॅन्समन'. गिटारवादक एड्रियन स्मिथ १९९० मध्ये आणि डिकिन्सन १९९३ मध्ये सोडून गेल्यावर, सभागृहे लहान होत चाललेली असताना, नवे गायक ब्लेझ बेली यांना सोबत घेऊन हॅरिस यांनी बँड चालू ठेवला. तेव्हा त्यांनी तो बंद केला असता तर १९९९ मध्ये परत यायला त्या दोघांना जागाच राहिली नसती. ज्या हट्टापायी ते दहा मिनिटांचे गाणे झाले त्याच हट्टापायी बँड टिकला, असे मी मानतो, आणि म्हणून तक्रार फार ताणत नाही.

प्रतिसाद, अहिल्यानगर

माझे लहानच आहे. 'ब्लड ब्रदर्स' हे २००० सालचे गाणे हॅरिस यांनी वडिलांच्या निधनानंतर लिहिले, हे मला माझे वडील गेल्यावर बऱ्याच काळाने वाचनात आले. गाणे तोवर पाठ होते. तीन-तीनच्या ठेक्यावर डुलणारा त्यातला बेस मी पूर्वी समूहाने गाण्याचा भाग म्हणून ऐकत असे. आता एकटाच ऐकतो. एवढेच.

प्रतिसाद, मडगाव

मी लग्नसमारंभांत वाजवणाऱ्या बँडमध्ये बेस वाजवतो. आमच्याकडे हे काम घरातून आलेले आहे, वडीलही वाजवत. बेस ऐकू आला तर काहीतरी बिघडले आहे, असे त्यांचे म्हणणे असे, आणि वॉल्ट्झ किंवा मांडो (गोव्याचा संथ गीतप्रकार) वाजवताना ते शंभर टक्के खरे आहे. बेसवाल्याने स्वतः गाणी लिहावीत, बँड चालवावा आणि शिवाय सर्वांच्या पुढे उभे राहावे, हे हॅरिस यांना पाहीपर्यंत माझ्या कल्पनेतही नव्हते. पायाखाली ठेवायला आमच्याकडे मॉनिटर असतो, पण त्यावर बहुधा वधूपक्षाकडच्या कुणाची तरी पर्स असते.

रात्री उशिरा, वयस्कर पाहुणे जेवायला वळले आणि नाचणारी फक्त तरुण मंडळी उरली की आमचे बँडप्रमुख माझ्याकडे पाहून मान हलवतात. मग शेवटच्या जलद गाण्यात मला आठ आवर्तने मोकळी मिळतात आणि मी त्यांत ती घोडदौड घालतो. गेल्या मोसमात एका लग्नात नवरदेवाचे काका जेवण सोडून मंचापाशी आले आणि 'ट्रूपर का?' असे विचारून, होकार मिळताच, आणखी आठ आवर्तने मागून गेले.