मदत हवी आहे : वारली चित्रांतला तांदळाचा रंग कागदावर टिकत नाही

मी रोज सकाळी वहीत एक छोटे चित्र काढते आणि शनिवारी बारा मुलांना चित्रकला शिकवते. सध्या वारली चित्रे चालू आहेत. डहाणूकडच्या पद्धतीप्रमाणे तांदूळ वाटून, त्यात डिंक घालून मुलांनी पांढरा रंग स्वतः तयार केला आणि गेरू फासलेल्या कागदावर बांबूच्या काडीने तारपा नाच (तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा फेराचा नाच) रंगवला. काडीचे टोक चावून कुंचला करण्यात तर त्यांना चित्राहून अधिक मजा आली. मात्र कागद गुंडाळताच रंगाचे पोपडे निघतात. एका मुलीच्या तारपेवाल्याचे डोकेच गळून पडले. डिंक वाढवला, तर रेषा पिवळट दिसते. वाटीभर तांदळाला डिंक किती घ्यावा आणि तो गेरूतही मिसळावा का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. फेव्हिकॉलचा पर्याय ठाऊक आहे, पण तो शक्यतो टाळायचा आहे.